टाकीत उणे सोळा सेंटीमीटर पाणी: समतोल बिंदूभोवती लिनिअरायझेशन कसं करायचं

"मामा, उत्तर उणे सोळा आलंय."

"सोळा काय?"

"सेंटीमीटर. टाकीतलं पाणी."

दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात पितळी कड्यांचा झोपाळा अजून शाबूत आहे. भाची अभ्यासाच्या नावाखाली येते ती बहुतेक त्यासाठीच. कलाभवनात शिकते. सयाजीरावांनी १८९० साली सुरू केलेल्या त्या संस्थेची पुढे इंजिनिअरिंगची फॅकल्टी झाली, तरी बडोद्यात नाव कलाभवनच चालतं. तर तिने लिलो चेवड्याची बशी बाजूला सारून कागद पुढे केला. विकलन बरोबर, आकडेमोड बरोबर, अक्षर माझ्यापेक्षा कितीतरी बरं. पण समीकरण कुठल्या बिंदूभोवती सरळ केलंय, हे त्या पानावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. पत्ता न लिहिलेलं पाकीट पोस्टात टाकावं तसं.

मी तीसेक वर्षं कारखान्यांत इन्स्ट्रुमेंटेशनचं काम केलं. लिनिअरायझेशनमध्ये, म्हणजे वक्र समीकरण एका बिंदूभोवती सरळ करताना, माणसं विकलनात क्वचित चुकतात आणि पत्त्यात हमखास, हे मी पुन्हापुन्हा पाहिलंय. म्हणून खालची पद्धत सगळी पत्त्याभोवती फिरते. विकलन येत असेल तर एवढ्या शिदोरीवर पुढे वाचता येईल.

चिन्हांबद्दल एक गोष्ट आधीच सांगतो. अक्षरावर ′ अशी खूण असली की तो त्या राशीचा काळानुसार बदलण्याचा दर.

आधी टाकी समोर ठेवा

अगाशीवरची उभी गोल टाकी घ्या. तळाचं क्षेत्रफळ ८,००० चौरस सेंटीमीटर, म्हणजे व्यास मीटरभर. पातळी एक सेंटीमीटर चढली की ८ लिटर पाणी वाढतं. वरून मिनिटाला 'आ' लिटर आवक होते. तळाशी साधारण दोन सेंटीमीटरचं भोक आहे, तिथून पाणी जातं. पाणी बाहेर पडण्याचा वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, हे तोरिचेल्लीने सतराव्या शतकात दाखवलं. आपल्या टाकीपुरतं सोयीचं रूप असं धरू: मिनिटाला ५√उ लिटर, 'उ' म्हणजे पाण्याची उंची, सेंटीमीटरमध्ये. मीटरभर पाणी असेल तर मिनिटाला ५० लिटर. अशा भोकाला हे शोभण्यासारखं आहे.

साठा बदलण्याचा दर म्हणजे आवक वजा जावक:

८ उ′ = आ − ५√उ

घोळ त्या वर्गमुळात आहे. आवक दुप्पट केली तर पातळी दुप्पट होत नाही, चौपट होते. लाप्लास, ट्रान्सफर फंक्शन, बोडे प्लॉट ही जी हत्यारं आपण शिकतो ती सगळी 'दुप्पट घाला, दुप्पट मिळेल' या करारावर चालतात. हा करार टाकी पूर्ण पाळत नाही. पण एखाद्या पातळीच्या आसपास, थोड्या हालचालीपुरता, बऱ्यापैकी पाळते. त्या आसपासच्या भागाचं सरळ समीकरण काढणं म्हणजे लिनिअरायझेशन.

पहिलं काम: समतोल बिंदू, आवकेसकट

दर शून्य ठेवा: आ = ५√उ. आवक ४० असेल तर √उ = ८, म्हणून उ = ६४. समतोल बिंदू म्हणजे ही जोडी: पातळी ६४ सेंटीमीटर आणि आवक मिनिटाला ४० लिटर. नुसतं ६४ लिहिलं तर अर्धाच पत्ता झाला.

समतोल म्हणजे सगळं थांबलंय असंही नव्हे. मिनिटाला ४० लिटर पाणी टाकीतून धो धो वाहतंय, फक्त पातळी हलत नाही. एकापेक्षा जास्त चलराशी असतील तर प्रत्येकीचा दर एकाच वेळी शून्य हवा. एकीचा शून्य झाला म्हणून समाधान मानू नका.

बिंदू निवडायचा कसा? यंत्र प्रत्यक्षात जिथे चालतं तिथला. मुलं हटकून शून्य घेतात, कारण आकडे सोपे येतात. या टाकीला शून्य पातळीवर घेऊन बघा. वर्गमुळाचा उतार तिथे अनंत होतो, स्पर्शिका उभी राहते आणि गणित तिथेच संपतं.

जोडी मिळाली की पानाच्या उजव्या कोपऱ्यात लिहा आणि भोवती चौकट काढा. हे मी भाचीकडून सक्तीने करून घेतो.

मग विचलन

दोन नवी अक्षरं घ्या:

च = उ − ६४
द = आ − ४०

'च' म्हणजे पातळी नेहमीपेक्षा किती वर-खाली, 'द' म्हणजे आवक नेहमीपेक्षा किती कमी-जास्त. इथून पुढचं सगळं समीकरण च आणि द यांचंच. बरीच पुस्तकं विचलनालाही जुनंच अक्षर ठेवतात आणि 'संदर्भावरून समजून घ्या' म्हणतात. लिहिणाऱ्याला ते समजतं, परीक्षेच्या आदल्या रात्री वाचणाऱ्याला नाही. अक्षर बदला.

विकलन, जे सगळ्यांना येतं

टेलरची मालिका (१७१५) सांगते की बिंदूजवळ फलनाची किंमत म्हणजे बिंदूवरची किंमत, अधिक उतार गुणिले विचलन, अधिक वर्गाची, घनाची पदं. वर्गापासून पुढचं सगळं सोडून द्यायचं.

५√उ चा उतार ५ ÷ (२√उ). उ = ६४ ठेवलं की ५ ÷ १६ = ०.३१२५. म्हणून

८ च′ = (४० + द) − (४० + ०.३१२५ च)

दोन्ही ४० एकमेकांना खाऊन टाकतात. समतोल बिंदू निवडण्याचं कारण इथे डोळ्यांना दिसतं. भलताच बिंदू घेतला असता तर एक स्थिर आकडा शेवटपर्यंत मानगुटीवर बसला असता. उरलं ते:

८ च′ = द − ०.३१२५ च

आता ते वाचायला शिका, कारण इंजिनिअरचं काम इथे सुरू होतं. ८ ला ०.३१२५ ने भागलं की २५.६ मिनिटं. हा टाइम कॉन्स्टंट: आवक एकदम बदलली तर एकूण बदलापैकी साधारण ६३ टक्के बदल एवढ्या वेळात होतो. आणि १ ला ०.३१२५ ने भागलं की ३.२. हा गेन: आवक मिनिटाला एक लिटरने वाढवली तर पातळी शेवटी ३.२ सेंटीमीटर वर जाऊन स्थिरावते.

आता तोच हिशोब १६ सेंटीमीटर पातळीवर करा, जिथे आवक २० आहे. उतार ५ ÷ ८ = ०.६२५. टाइम कॉन्स्टंट १२.८ मिनिटं, गेन १.६. टाकी तीच, भोक तेच, आकडे निम्मे. "या टाकीचा टाइम कॉन्स्टंट किती?" असं कुणी विचारलं तर उलट विचारा, "कुठल्या पातळीवर?"

उत्तराला घासून बघा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मला तीच सगळ्यांत प्रिय आहे. मूळ समीकरण हातात आहे. समतोलाला उ = आ² ÷ २५. त्याच्याशी सरळ मॉडेल ताडून बघू.

आवक ४२ केली. मॉडेल म्हणतं ६४ + ६.४ = ७०.४. खरं उत्तर ७०.५६. दीड मिलिमीटरचा फरक, कोण विचारतो!

आवक ५०. मॉडेल ९६, खरं १००. चार सेंटीमीटर. टाकी ९८ सेंटीमीटरला भरून वाहत असेल तर मॉडेल म्हणेल 'अजून जागा आहे' आणि खाली जिन्यात धबधबा.

आवक २०. मॉडेल शून्य, खरं १६. आवक १५. मॉडेल उणे १६, खरं ९.

भाचीचं उणे सोळा आलं ते इथून. ४० वरच्या मॉडेलमध्ये तिने १५ घातले. म्हणजे विचलन उणे २५, त्याला ३.२ ने गुणलं की उणे ८०, आणि ६४ मधून ८० गेले. गणिताने काही खोटं सांगितलं नाही. त्याला भलत्या गावचा प्रश्न विचारला गेला होता.

मग किती लांब जावं? टाकून दिलेलं वर्गाचं पद ठेवलेल्या पदाशी ताडून बघा. वर्गमुळासाठी ते प्रमाण सोपं येतं: विचलन पातळीच्या जितके टक्के, त्याचा चौथा भाग चूक. दहा टक्के पातळी हलली तर अडीच टक्के. वर ६.४ सेंटीमीटरवर दीड मिलिमीटर आलं ते याच हिशोबात बसतं. प्रत्येक फलनाचं हे प्रमाण वेगळं, पण काढायला पाच मिनिटं पुरतात.

सूत्रच नसेल तर

कारखान्यात समीकरण कुणी हातात देत नाही. असते ती चालू यंत्रणा आणि नोंदवही. तेव्हा उतार मोजून घ्यायचा. नेहमीच्या आवकेपासून दोन लिटर वर आणि दोन लिटर खाली जा, दोन्ही वेळा पातळी स्थिर होऊ द्या. आपल्या टाकीत ४२ ला ७०.५६ आणि ३८ ला ५७.७६ मिळेल. फरक १२.८, त्याला ४ ने भागा, ३.२. नुसतं वरच्या बाजूला गेलात तर ६.५६ ÷ २ = ३.२८ येतं. दोन्ही बाजूंनी मोजलं की वक्रतेची चूक एकमेकांत विरून जाते, म्हणून आळस न करता दोन्हीकडे जा. आणि धीर धरा. २५ मिनिटांच्या टाइम कॉन्स्टंटला पातळी खरी स्थिरावायला चौपट तरी वेळ लागतो, म्हणजे पावणेदोन तास. चहा पिऊन आल्यावर घेतलेला आकडा चुकीचाच असणार.

झोपाळा: दोन चलराशी, दोन समतोल

एका चलराशीचा उतार हा एक आकडा असतो. दोन असल्या की चार आकड्यांचा तक्ता होतो, त्यालाच जेकोबियन म्हणतात. आमच्या झोपाळ्याच्या कड्या दोन मीटर धरू आणि त्याला साधा लंबक मानू. 'क्ष' म्हणजे उभ्या रेषेशी कोन (रेडियनमध्ये), 'य' म्हणजे त्या कोनाचा वेग. ९.८ ला २ ने भागून ४.९, आणि घर्षणापोटी ०.०६ हा गुणक. 'ज्या' म्हणजे साइन, 'कोज्या' म्हणजे कोसाइन.

क्ष′ = य
य′ = −४.९ ज्या(क्ष) − ०.०६ य

दोन्ही दर शून्य केव्हा? वेग शून्य आणि ज्या शून्य. म्हणजे कोन शून्य (फळी खाली लटकलेली) किंवा कोन १८० अंश (फळी बरोबर डोक्यावर उभी). दुसरा समतोल घरात कुणी पाहणार नाही, निदान आई असेपर्यंत तरी नाही. कड्या दोरीसारख्या लवचीक नसून ताठ आहेत, म्हणून कागदावर मात्र तो आहेच.

प्रत्येक समीकरणाचं प्रत्येक चलराशीनुसार आंशिक विकलन करा, म्हणजे दुसरी चलराशी स्थिर धरून. पहिली ओळ: ०, १. दुसरी ओळ: −४.९ कोज्या(क्ष), −०.०६. आता, आणि आताच, बिंदू घाला. बरेच जण आधी बिंदू घालतात आणि मग विकलन करायला जातात, तेव्हा विकलन करायला काही उरलेलंच नसतं.

खालच्या बिंदूवर कोज्या १. विचलन किती वेगाने वाढतं, विरतं किंवा झुलतं ते सांगणारे या तक्त्याचे आकडे म्हणजे आयगेन व्हॅल्यू; त्यांना 'ल' म्हणू. त्यांचं समीकरण ल² + ०.०६ ल + ४.९ = ०. उत्तर: −०.०३, अधिक-उणे काल्पनिक २.२१. खरा भाग ऋण, म्हणून झोका विरत जातो. ०.०३ वरून निघतं की झोका साधारण २३ सेकंदांत निम्मा होतो. २.२१ वरून एका झोक्याचा वेळ २.८४ सेकंद. वीस झोक्यांना ५७ सेकंद लागायला हवेत. मोबाइलचं स्टॉपवॉच लावून हे पडताळता येतं, फक्त झोका लहान ठेवा.

लहान म्हणजे किती? १० अंशांना ज्या आणि कोन यांत फरक अर्धा टक्का. ३० अंशांना पावणेपाच टक्के, ६० अंशांना २१. वेळेवरचा परिणाम मात्र सौम्य असतो. ३० अंशांच्या झोक्याला वेळ पावणेदोन टक्केच वाढतो. बळाच्या चुकीवरून वेळेच्या चुकीचा अंदाज बांधू नका.

कोन रेडियनमध्येच हवा. 'ज्या'चा उतार 'कोज्या' हे फक्त रेडियनमध्ये खरं आहे. अंश वापरले तर ५७.३ हा आकडा गुपचूप आत शिरतो आणि झोपाळा एकतर झुरळासारखा धावतो किंवा हलतच नाही.

वरच्या बिंदूवर कोज्या उणे १. ल² + ०.०६ ल − ४.९ = ०. उत्तरं: +२.१८ आणि −२.२४. एक धन आलं, खेळ संपला. धक्का कितीही लहान असो, विचलन दर ०.३२ सेकंदाला दुप्पट. कड्या आखूड असत्या तर याहूनही वेगाने. लांब काठी तळहातावर तोलता येते आणि पेन्सिल येत नाही, ते याच आकड्यामुळे. पेन्सिल हाताला सावरायला वेळच देत नाही.

मूळ समीकरण न सोडवता नुसत्या खऱ्या भागाच्या चिन्हावरून निकाल द्यायची ही रीत जुनी आहे. मॅक्सवेलने १८६८ मध्ये वाफेच्या इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरवर ती लावली, आणि ल्यापुनोव्हने १८९२ च्या प्रबंधात तिला पक्का पाया दिला: सगळे खरे भाग ऋण असतील तर मूळ अरेषीय यंत्रणाही त्या बिंदूजवळ स्थिर, एक जरी धन असेल तर अस्थिर.

निकाल लागत नाही तेव्हा

वरच्या वाक्यात एक फट आहे: खरा भाग बरोबर शून्य आला तर? तेव्हा लिनिअरायझेशन गप्प बसतं. क्ष′ = −क्ष³ आणि क्ष′ = +क्ष³ घ्या. दोन्हींचा शून्यावरचा उतार शून्य, सरळ रूप एकच. पण पहिलं बिंदूकडे परततं आणि दुसरं पळून जातं. फरक सगळा आपण टाकून दिलेल्या पदात होता.

हे पुस्तकी वाटत असेल तर परत झोपाळ्यावर या. कड्यांना तेल घातलंय, घर्षण नाही, विरोध फक्त हवेचा, आणि तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग शून्य असताना वर्गाचा उतार शून्य. म्हणून सरळ मॉडेलमधून हवा पूर्ण नाहीशी होते आणि ते सांगतं की झोपाळा अखंड झुलत राहील. खरा झोपाळा मंदावतोच. अशा वेळी ऊर्जेचा हिशोब मांडा, ती कमी होत जाते का ते बघा.

कड्यांना तेल घातलेलं नसेल तर वेगळीच अडचण. कुरकुरणारं कोरडं घर्षण दिशा बदलली की एकदम उलटं होतं. शून्य वेगापाशी ते उडी मारतं, तिथे उतारच नाही. तिथे टेलरला बोलावू नका. पूर्ण उघडलेल्या व्हॉल्व्हचंही तसंच. तो आणखी उघडणार नाही, मॉडेल काही म्हणो.

एका बिंदूवर भागत नसेल तर

हे मी ठेच खाऊन शिकलो. शहराबाहेरच्या एका रासायनिक कारखान्यात खाली निमुळती होत गेलेली टाकी होती. वरचा भाग सरळ, खालचा शंकूसारखा. मी वरच्या भागातल्या पातळीवर चाचणी घेतली, पातळी आपोआप सांभाळणाऱ्या कंट्रोलरचे आकडे बसवले, आलेख सुरेख आला, घरी गेलो. आठवड्याने रात्रपाळीत पातळी शंकूत उतरली. शंकूत उंची निम्मी झाली की पाण्याचा पृष्ठभाग चौथाई होतो. तेवढ्याच पाण्याने पातळी चौपट हलते. वर शांत असणारा कंट्रोलर तिथे पिसाळला, व्हॉल्व्ह उघड-बंद करत सुटला, पंपाने हवा ओढली आणि पंप ट्रिप झाला. ऑपरेटरने फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. चूक माझी होती. आकडे बरोबर होते, पत्ता एकच होता.

उपाय साधा. पातळीचे पट्टे पाडायचे, प्रत्येक पट्ट्याच्या मध्यावर वेगळं लिनिअरायझेशन करायचं, आणि पातळी ज्या पट्ट्यात असेल त्याचे आकडे वापरायचे. किती पट्टे? लगतच्या दोन पट्ट्यांचे गेन एकमेकांच्या दुपटीहून जास्त लांब नसावेत, असा माझा ठोकताळा. हद्दीवर उड्या पडू नयेत म्हणून मधले आकडे हळूहळू सरकवा. त्या टाकीला आम्ही तीन पट्टे पाडले, आणि मी असेपर्यंत रात्री फोन आला नाही.

मोठ्या यंत्रणांचं विकलन हाताने करत बसू नका. पायथन, ऑक्टेव्ह, मॅटलॅब जेकोबियन क्षणात काढून देतात. समतोल बिंदूही आकडेमोडीने शोधून देतात, पण शोधाला सुरुवात कुठून करायची ते तुम्हाला सांगावं लागतं. झोपाळ्यासारखे दोन समतोल असतील तर भलत्याच ठिकाणी जाऊन बसतात आणि काही न बोलता उत्तर देतात. म्हणून मिळालेला बिंदू मूळ समीकरणात घालून दर खरंच शून्य येतो का, हे एकदा हाताने बघा.

भाचीने त्या दिवशी १५ लिटरसाठी हिशोब नव्याने केला. पातळी ९, उतार ५ ÷ ६, टाइम कॉन्स्टंट ९.६ मिनिटं, गेन १.२. कोपऱ्यात चौकट काढली, आत लिहिलं '९ सेंटीमीटर, १५ लिटर'. मग त्याच मॉडेलमध्ये ४० घालून बघितले. एकोणचाळीस आले.

"आणि खरं चौसष्ट," ती म्हणाली, आणि उरलेला चेवडा संपवला.